मालदीवमध्ये उतरून सफारी बोटीवर चढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालदीवला जाणारे बहुतेक मराठी पर्यटक एखाद्या रिसॉर्टवर चार दिवस राहून परत येतात. अलीकडे मात्र आठवडाभर बोटीवरच मुक्काम करून बेटांमधून फिरणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि त्यांचे प्रश्न रिसॉर्टवाल्यांपेक्षा बरेच वेगळे असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, अडचणीचे आणि अपवादांचे प्रश्न पुढे येतात. कर आणि प्रवेशाचे नियम २०२५ मधले आहेत. ते बदलत असल्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी बोटीच्या कार्यालयाकडून एकदा ताडून घ्यावेत.

१. सफारी बोट म्हणजे नेमके काय? ती क्रूझसारखी असते का?

नाही. मालदीवची सफारी बोट ही आठ ते बारा केबिनची, दोन-तीन मजली बोट असते आणि तिच्यावर साधारण वीस प्रवासी व दहाएक कर्मचारी राहतात. जेवण, झोप आणि गप्पा मोठ्या बोटीवर होतात. पाण्यात उतरण्यासाठी ‘धोनी’ नावाची दुसरी लहान बोट कायम सोबत असते आणि हवेच्या टाक्या, त्या भरणारा काँप्रेसर व सगळा ओला पसारा तिच्यावर राहतो. उत्तर-दक्षिण सुमारे ८७० किलोमीटर पसरलेल्या या देशात बाराशेच्या आसपास बेटे आणि २६ नैसर्गिक अॅटॉल, म्हणजे कंकणाकृती प्रवाळद्वीपांचे समूह, आहेत. बोट त्यांतले दोन किंवा तीन अॅटॉल सात रात्रींत फिरते. बहुसंख्य सहली डायव्हिंगसाठी असतात. काही फक्त सर्फिंगसाठी, तर काही स्नॉर्केलिंग, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्याच्या पृष्ठभागावर पोहणे, करणाऱ्या कुटुंबांसाठी असतात.

२. व्हिसा आधी काढावा लागतो का? मुलाकडे अमेरिकन पासपोर्ट आहे, त्याचे काय?

आधी काढावा लागत नाही. पर्यटनासाठी येणाऱ्या सर्वसाधारण सर्व देशांच्या नागरिकांना विमानतळावरच ३० दिवसांची मोफत परवानगी मिळते, त्यामुळे अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या मुलांची अडचण येत नाही. भारतीय पासपोर्टधारकांना २०१९ पासून लागू असलेल्या द्विपक्षीय करारानुसार ९० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येते. परतीचे तिकीट आणि मुक्कामाचे आरक्षण मात्र दाखवावे लागते. सफारी बोटीचे आरक्षणपत्र मुक्काम म्हणून चालते, पण त्यावर बोटीचे नाव, चढण्याची व उतरण्याची तारीख आणि प्रत्येक प्रवाशाचे पासपोर्टप्रमाणे नाव असले पाहिजे. ‘पाटील कुटुंब, ४ व्यक्ती’ एवढेच लिहिलेली पावती खिडकीवर पुढे करू नये. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असलेली बरी, कारण त्याबाबत विमान कंपन्या मुंबईतच अडवतात. परदेशस्थ भारतीय कार्ड (ओसीआय) मालदीवसाठी निरुपयोगी आहे. ते भारतात परत येताना लागते, म्हणून विसरू नये.

३. ‘इमुगा’ फॉर्म काय आहे? बोटीवर राहणार असू तर पत्ता काय लिहायचा?

‘इमुगा’ हे मालदीवच्या इमिग्रेशन खात्याचे ऑनलाइन घोषणापत्र आहे. ते विमान सुटण्याच्या आधीच्या ९६ तासांत भरायचे असते, म्हणजे आठवडाभर आधी भरून ठेवण्याची सोय नाही. लहान मुलांसकट प्रत्येकाचे वेगळे घोषणापत्र लागते. छायाचित्र आणि पासपोर्टच्या पानाची प्रत जोडली की क्यूआर कोड येतो, तो मोबाइलमध्ये साठवून ठेवावा. घोषणापत्र पूर्ण मोफत आहे. त्यासाठी शुल्क मागणारी पाने शोधयंत्रात वर दिसतात, ती अधिकृत नाहीत. मुक्कामाच्या रकान्यात बोटीचे नाव द्यायचे. बोटीवर चढण्यापूर्वी एक रात्र गेस्टहाउसमध्ये काढणार असाल, तर पहिल्या रात्रीचा पत्ता लिहावा आणि बोटीचे आरक्षण हाताशी ठेवावे. परत निघतानाही असेच घोषणापत्र भरायचे असते. बोटीवर शेवटच्या दिवशी नेट मिळेल याची खात्री धरू नये (प्रश्न १५ पाहा).

४. पावसाळ्यात जावे का? मालवणात तर जूनपासून सगळे बंद असते.

कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात जलक्रीडा बंद ठेवतात, कारण खवळलेला समुद्र थेट किनाऱ्यावर येऊन आदळतो. मालदीवमध्ये अॅटॉलच्या कडेचे प्रवाळ लाटांचा जोर बाहेरच अडवते, आतले पाणी त्या मानाने शांत राहते आणि बोटी बाराही महिने चालतात. ढोबळ हिशेब असा की डिसेंबर-जानेवारी ते एप्रिल ईशान्य वारे, कोरडी हवा आणि नितळ पाणी, तर मे ते नोव्हेंबर नैर्ऋत्य वारे, पाऊस आणि थोडे गढूळ पाणी. गढूळपणाचे मोठे कारण म्हणजे प्लवक, अर्थात पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, आणि प्लवक खायला मँटा रे हे मोठे चपटे मासे येतात. नैर्ऋत्य मोसमात मँटा अॅटॉलच्या पूर्व बाजूला आणि ईशान्य मोसमात पश्चिम बाजूला सापडतात, असा अनुभवी मार्गदर्शकांचा आडाखा असतो. बा अॅटॉलमधील हनिफारू या उपसागरात जून ते नोव्हेंबर हा त्यांचा प्रसिद्ध हंगाम आहे, पण तेथे टाकी लावून उतरण्यास बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग चालते. दक्षिण आरी अॅटॉलमध्ये व्हेल शार्क वर्षभर दिसण्याची शक्यता असते.

माझे मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी फेब्रुवारी-मार्च निवडावा. दर जास्त असतो, पण अॅटॉल ओलांडतानाचा उघडा समुद्र त्या दिवसांत फारसा त्रास देत नाही.

५. आम्ही तारकर्लीला स्कूबा केले आहे. तेवढे पुरेसे आहे का?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे आणि उत्तर बहुतेकांसाठी ‘नाही’ असे आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ किंवा तारकर्लीत पर्यटकांना जो अर्ध्या तासाचा अनुभव देतात, त्यात प्रशिक्षक तुमची टाकी मागून धरून असतो आणि हवा, खोली, दिशा यांची जबाबदारी पूर्णपणे त्याची असते. तो आनंद खरा आहे, पण ते प्रमाणपत्र नाही. सफारी बोटीला पॅडी, एसएसआय किंवा तत्सम संस्थेचे किमान ओपन वॉटर प्रमाणपत्र लागते. त्याच्या अभ्यासक्रमात २०० मीटर पोहणे आणि दहा मिनिटे तरंगणे येते, आणि १८ मीटर खोलीपर्यंत जोडीदारासह स्वतंत्रपणे उतरण्याची मुभा मिळते. हा अभ्यासक्रम तारकर्लीतही करता येतो. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तेथेच आहे.

ओपन वॉटर झाले म्हणजे सर्व मार्ग खुले झाले असे मात्र समजू नये. मालदीवचे नाव ज्यांमुळे झाले त्या जागा म्हणजे ‘कंडू’, अर्थात अॅटॉलच्या कडेतून समुद्राला जोडणाऱ्या खिंडी, आणि ‘थिला’, अर्थात पाण्याखाली बुडालेले प्रवाळाचे डोंगर. भरती-ओहोटीचे सगळे पाणी कंडूमधून आत-बाहेर होते, प्रवाह कधी कधी इतका जोरकस असतो की खडकाला आकडा अडकवून जागेवर थांबावे लागते, आणि शार्क पाहायचे ते नेमके तेथेच. म्हणून अनेक बोटी अॅडव्हान्स्ड प्रमाणपत्र आणि नोंदवहीत तीस ते पन्नास डाइव्ह मागतात. दक्षिणेकडच्या मार्गांवर ही अट अधिक कडक असते. देशाच्या नियमानुसार हौशी डायव्हरना ३० मीटरच्या खाली उतरता येत नाही, प्रमाणपत्र कितीही मोठे असले तरी.

नोंदवहीत आकडे वाढवून लिहिण्याचा मोह होतो. पहिल्या दिवसाच्या चाचणी डाइव्हमध्ये (प्रश्न १२) मार्गदर्शकाला पाच मिनिटांत सगळे कळते आणि मग उरलेला आठवडा तुम्हाला सोप्या जागीच नेले जाते. पैसे मात्र पूर्ण सहलीचे भरलेले असतात.

६. नवरा डायव्हिंग करतो, मी करत नाही. मला पोहताही येत नाही. मी बोटीवर जावे का?

डायव्हिंगच्या बोटीवर जाऊ नये, असे स्पष्टच सांगतो. दिवसाला तीन डाइव्ह असतात, त्या वेळी धोनी सगळ्यांना घेऊन निघून जाते आणि मोठ्या बोटीवर तुम्ही, स्वयंपाकी आणि पुस्तक एवढेच उरता. पोहता येत असेल आणि बोट ‘डायव्हिंग व स्नॉर्केलिंग’ अशी मिश्र असेल, तर स्नॉर्केलिंगसाठी वेगळा मार्गदर्शक व वेगळी छोटी बोट आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. पोहता न येणाऱ्यांसाठी स्थानिक बेटावरील गेस्टहाउस किंवा उथळ लगून (प्रवाळाच्या आतले शांत पाणी) असलेले रिसॉर्ट अधिक चांगले.

७. सामान किती आणि कशात न्यावे?

कडक सुटकेस नेऊ नये. केबिनमध्ये ती ठेवायला जागा नसते आणि आठ दिवस तिला ठेचकाळत चालावे लागते. घडी घालता येईल अशी कापडी बॅग सर्वांत सोयीची. कपडे अगदी थोडे लागतात, कारण बोटीवर चढताच पादत्राणे काढून एका क्रेटमध्ये टाकतात आणि ती पुन्हा हातात पडतात ती बहुधा एखाद्या बेटावर उतरतानाच. आठवडा पोहण्याचे कपडे आणि टी-शर्ट यांतच जातो. वरच्या डेकवर वारा असतो, म्हणून एक पातळ जॅकेट घ्यावे.

मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर (पाण्याखाली खोली व वेळ मोजणारे यंत्र), पोहण्याचा एक पोशाख, रोजची औषधे आणि प्रमाणपत्रे केबिन बॅगेत ठेवावीत. त्याचे कारण प्रश्न ११ मध्ये आहे. टॉर्चच्या आणि कॅमेऱ्याच्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच न्याव्या लागतात, चेक-इन सामानात चालत नाहीत. टॉर्चमधून बॅटरी काढून दोन्ही वेगळे ठेवले की सुरक्षा तपासणीत वेळ जात नाही. मालदीवमध्ये चौकोनी तीन पिनांचे, ब्रिटिश पद्धतीचे प्लग चालतात, म्हणून अॅडॅप्टर घ्यावा.

८. काय नेण्यास बंदी आहे? लहान गणपती चालतो का? मुंबईच्या ड्यूटी-फ्रीमधून घेतलेली बाटली?

मद्य, डुकराचे मांस व त्याचे पदार्थ, अश्लील साहित्य आणि पूजेसाठीच्या मूर्ती देशात आणण्यास मनाई आहे. सामान उतरल्यावर सर्व बॅगा स्कॅन होतात, त्यामुळे ‘कोण बघते’ हा हिशेब येथे चालत नाही. देव्हाऱ्यातली मूर्ती किंवा टाक बरोबर घेऊन प्रवास करण्याची आपल्याकडे अनेकांची पद्धत असते. मालदीवला जाताना तो घरीच ठेवावा. गळ्यातले मंगळसूत्र किंवा साधे लॉकेट हा अंगावरचा दागिना असतो आणि त्याला सहसा कोणी हरकत घेत नाही. प्रश्न येतो तो पूजेसाठी आणलेल्या वस्तूंचा.

मुंबईत जाताना घेतलेली बाटली विमानतळावर काढून घेतली जाते. पावती मिळते आणि परत निघताना ती दाखवून बाटली मागता येते, पण हा खटाटोप टाळून परतीच्या वाटेवर खरेदी करणे शहाणपणाचे. परवाना असलेल्या सफारी बोटींवर बार असतो, त्यामुळे बोटीवर मद्य मिळते. फक्त पहिला घोट घेतला की त्या दिवसाचे डायव्हिंग संपले, हा नियम सर्वत्र पाळतात.

ई-सिगारेट आणि व्हेप आणण्यावर १५ नोव्हेंबर २०२४ पासून, आणि वापरण्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून बंदी आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून आणखी एक नियम आला आहे. १ जानेवारी २००७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही तेथे तंबाखूजन्य पदार्थ विकत घेता किंवा वापरता येत नाहीत आणि हा नियम पर्यटकांनाही लागू आहे. महाविद्यालयीन मुलांबरोबर जाणाऱ्यांनी हे त्यांच्या कानावर घालावे.

झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेली खोकल्याची औषधे, तीव्र वेदनाशामके ही नियंत्रित औषधे आहेत. ती मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. ड्रोन उडवण्यासाठी तेथील नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाची परवानगी लागते.

९. रक्तदाबाची गोळी चालू आहे. बोटवाले डॉक्टरांचे पत्र मागतील का?

मागतील. डायव्हिंगपूर्वी आरोग्याची प्रश्नावली भरावी लागते. दमा, हृदयविकार, मधुमेह, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया किंवा नियमित औषधे यांपैकी एकाही प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर आले की डॉक्टरांच्या सहीचा अर्ज लागतो. पहिल्या संध्याकाळी बोटीवर बसून हा अर्ज भरताना कित्येक जण अडकतात, कारण तेथे सही करायला डॉक्टर नसतो आणि सहीशिवाय मार्गदर्शक पाण्यात उतरू देत नाही. बोटीकडून तो अर्ज महिनाभर आधी मागवावा आणि शक्यतो डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांकडून भरून घ्यावा. प्रश्नावलीत खोटे ‘नाही’ लिहिले आणि पुढे काही झाले, तर विमा कंपनी हात झटकते. साध्या प्रवास विम्यात डायव्हिंग बहुधा वगळलेले असते. डायव्हिंगचा वेगळा विमा घ्यावा आणि त्यात दाबकक्षाचा, म्हणजे डायव्हिंगमुळे होणाऱ्या दाबाच्या आजारासाठीच्या बंद कक्षातला, उपचार धरला आहे ना, ते वाचून पाहावे. गरोदरपणात डायव्हिंग करूच नये.

१०. जाहिरातीतल्या दराव्यतिरिक्त आणखी किती पैसे लागतात?

जाहिरातीतला आकडा करांसह आहे की नाही, हे आधी पाहावे. हरित कर जानेवारी २०२५ पासून सफारी बोटींवर प्रतिव्यक्ती प्रतिरात्र १२ डॉलर आहे, म्हणजे सात रात्रींचे माणशी ८४ डॉलर. दोन वर्षांखालील मुलांना तो माफ आहे. बोटीआधी किंवा नंतर स्थानिक बेटावरच्या लहान, म्हणजे ५० पेक्षा कमी खोल्यांच्या, गेस्टहाउसमध्ये राहिलात तर तेथे तो रात्रीला ६ डॉलर पडतो. पर्यटन सेवांवरील वस्तू व सेवा कर १ जुलै २०२५ पासून १७ टक्के झाला आहे आणि बोटीवरील पेये, भाड्याची उपकरणे, नायट्रॉक्स (टाकीत भरायची जास्त ऑक्सिजनची हवा) यांच्या बिलावर तो सेवा शुल्कासह लागतो. परदेशी प्रवाशांसाठीचा निर्गमन कर आणि विमानतळ विकास शुल्क इकॉनॉमी वर्गात प्रत्येकी ५० डॉलर आहे. तो तिकिटातच धरलेला असतो, म्हणून विमानतळावर वेगळा भरायचा नसतो. मालदीवचे तिकीट अंतराच्या मानाने महाग का वाटते, त्याचे हे एक कारण.

शेवटच्या दिवशी कर्मचाऱ्यांसाठी एक पाकीट फिरवतात. टिप सक्तीची नाही, पण प्रथा पक्की आहे आणि पहाटे पाचपासून टाक्या उचलणाऱ्या धोनीवरच्या खलाशांचा वाटा त्यातच असतो. स्वच्छ, न फाटलेल्या डॉलरच्या नोटा बरोबर ठेवाव्यात. रुफिया हे स्थानिक चलन लागते फक्त माले आणि स्थानिक बेटांवर. ते थोडेच बदलून घ्यावेत, कारण देशाबाहेर त्यांना गिऱ्हाईक नाही.

११. विमानतळावर उतरल्यापासून बोटीवर चढेपर्यंत नेमके काय होते? उशीर झाला किंवा बॅग आली नाही तर?

मुंबईहून थेट विमान अडीच-तीन तासांत पोहोचते. मालदीवची वेळ भारतापेक्षा अर्धा तास मागे आहे. वेलाना विमानतळ हुल्हुले या स्वतंत्र बेटावर आहे. राजधानी माले आणि नवी वसाहत हुल्हुमाले त्याला २०१८ मध्ये खुल्या झालेल्या सिनामाले पुलाने व रस्त्याने जोडलेल्या आहेत. इमिग्रेशन, सामान आणि स्कॅनिंग उरकून बाहेर आले की नावाच्या पाट्या धरलेले प्रतिनिधी रांगेत उभे असतात. त्या गर्दीत आपल्या बोटीची पाटी शोधायची, ट्रॅव्हल एजंटची नाही. अनेकदा भारतीय एजंटचे नाव तेथे कोणाला ठाऊकच नसते. प्रतिनिधी सगळ्या विमानांचे प्रवासी गोळा होईपर्यंत थांबवून ठेवतो, त्यात तास-दोन तास सहज जातात.

मग धक्क्यावरून धोनी. सफारी बोटी बहुधा हुल्हुमालेच्या लगूनमध्ये नांगरलेल्या असतात आणि तेथे पोहोचायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. धोनी मोठ्या बोटीच्या मागच्या फळीला लागते. दोन्ही बोटी वेगवेगळ्या लयीत वर-खाली होत असतात. खलाशी हात पुढे करतो तेव्हा त्याचा पंजा न धरता मनगटाच्या वरचा भाग धरावा, आपल्या पाठीवर काही नसावे, आणि तो ‘आता’ म्हणेल तेव्हाच पाय टाकावा. सामान मागून येते. घाई करून हातात ट्रॉली बॅग घेऊन उडी मारणारे दर आठवड्याला असतात.

बहुतेक बोटी दुपारी प्रवासी चढवतात आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी डाइव्हनंतर सुटतात. प्रवाळांच्या भीतीने रात्री शक्यतो कोणी बोट चालवत नाही, म्हणून सुटण्याची वेळ पुढे ढकलायलाही मर्यादा असते. रात्री दहाला उतरणारे विमान घेतले, तर बोटीच्या कार्यालयाशी आधी लेखी बोलावे. त्याहून बरे म्हणजे आदल्या दिवशी पोहोचावे. हुल्हुमालेत गेस्टहाउस भरपूर आहेत आणि एका रात्रीचा खर्च हा या सगळ्या सहलीतला सर्वांत स्वस्त विमा आहे. मुंबईत पावसामुळे विमान रखडले किंवा जोडविमान चुकले तर बोट एका प्रवाशासाठी थांबत नाही. नंतर स्पीडबोटीने किंवा देशांतर्गत विमानाने तिला गाठावे लागते आणि तो खर्च शेकडो डॉलरमध्ये जातो, तोही तुमच्या खिशातून.

बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वीच विमान कंपनीच्या खिडकीवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. पत्त्याच्या जागी बोटीचे नाव, मालेतील कार्यालयाचा दूरध्वनी आणि शक्य असल्यास पुढच्या तीन दिवसांचा मार्ग लिहून द्यावा. बॅग दुसऱ्या दिवशी मालेला येते, पण तोवर बोट आरी अॅटॉलला गेलेली असते आणि तेथपर्यंत बॅग पोहोचवणे कोणाचे काम, यावर वाद होतो. म्हणूनच प्रश्न ७ मधल्या वस्तू केबिन बॅगेत हव्यात. बाकीची उपकरणे बोटीवर भाड्याने मिळतात.

१२. पहिल्या संध्याकाळी आणि पुढे रोज काय वेळापत्रक असते?

पहिल्या संध्याकाळी कागदपत्रे, केबिनवाटप, सुरक्षिततेची माहिती आणि उपकरणांची जुळणी. चाचणी डाइव्ह शांत, उथळ जागी होतो. वजन बरोबर आहे का, मास्कमधले पाणी काढता येते का, खूणबोया (आपली जागा बोटीला दाखवणारी फुगवायची नळी) पाण्याखालून वर सोडता येतो का, हे त्यात पाहतात. पुढे रोज सहाच्या सुमारास पहिला डाइव्ह, मग न्याहारी, अकराच्या आसपास दुसरा, दुपारी तिसरा आणि काही दिवशी रात्रीचा. उत्तर माले, आरी आणि वावू असा मध्य अॅटॉलांचा मार्ग असेल तर आरीतील माया थिला आणि वावूतील अलिमथा धक्क्याजवळचा रात्रीचा डाइव्ह बहुतेक यादीत असतो. अलिमथाला नर्स शार्क अक्षरशः गुडघ्यांना घासून जातात. काही बोटी सोयीसाठी घड्याळ एक तास पुढे ठेवतात, ते पहिल्याच दिवशी विचारावे.

१३. बोट लागते. काय करावे?

अॅटॉलच्या आत नांगरलेली बोट फारशी हलत नाही. त्रास होतो तो एका अॅटॉलमधून दुसऱ्यात जाताना, काही तास. मार्गात अशी ओलांडणी कोणत्या दिवशी आहे ते आदल्या रात्री विचारावे आणि डॉक्टरांनी सुचवलेली गोळी निघाल्यावर नाही, निघण्यापूर्वी घ्यावी. काही गोळ्यांनी गुंगी येते आणि गुंगीत डायव्हिंग धोक्याचे असते. म्हणून ती गोळी घरी, सुट्टीच्या दिवशी, एकदा घेऊन पाहावी. खालच्या मजल्यावरच्या मधल्या केबिनला हेलकावे सर्वांत कमी बसतात. समुद्र दिसणाऱ्या वरच्या केबिनसाठी जास्त पैसे मोजणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

१४. शुद्ध शाकाहारी जेवण मिळेल का? उपवास, जैन?

आधी कळवले तर मिळते. मालदीवचे स्वतःचे जेवण ट्यूनाभोवती फिरते. न्याहारीचा ‘मस हुनी’ हा पदार्थ खोबरे, कांदा, मिरची आणि ट्यूना एकत्र करून ‘रोशी’ या पातळ पोळीबरोबर खातात. बोटीवर मात्र डाळ, भात, भाज्या, पास्ता, अंडी, फळे असे मिश्र जेवण असते आणि स्वयंपाकी अनेकदा श्रीलंकेचे किंवा बांगलादेशचे असल्यामुळे डाळीची चव परकी वाटत नाही. अडचण वेगळीच आहे. ‘शाकाहारी’ म्हटले की मासे चालतात असा समज असतो, म्हणून ‘मासे, मटण, अंडी नाही’ असे मोडून लिहावे. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर तेही. एकदा बोट सुटली की मधे बाजार नाही. खाकरे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी असा बंद पाकिटातला कोरडा शिधा न्यावा. ताजी फळे किंवा रोपे नेऊ नयेत.

१५. फोन आणि नेट चालेल का?

विमानतळावर धिरागू आणि ऊरेडू या दोन कंपन्यांची सिमकार्डे मिळतात. वस्तीच्या बेटांजवळ रेंज चांगली असते, अॅटॉलच्या बाहेरच्या कडेला ती जाते. भारतीय सिमचा डेटा बंद ठेवावा. बँकेचे ओटीपी येतील एवढीच त्याची सोय ठेवावी.

१६. मधे स्थानिक बेटावर उतरवतात, तेथे काय पाळावे?

मालदीवचा राजधर्म इस्लाम आहे आणि वस्तीच्या बेटांवर त्याचे नियम सर्वांना लागू होतात. खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत. पोहण्याच्या कपड्यांत फिरण्याची मुभा फक्त पर्यटकांसाठी राखलेल्या किनाऱ्यावर असते. बोटीवरची बिअर हातात घेऊन धक्क्यावर उतरणे हा गुन्हा आहे, कारण तेथे मद्याला परवानगीच नाही. आठवडी सुट्टी शुक्रवार-शनिवार असते आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी दुकाने बंद असतात. रमजानमध्ये बोटीवरची दिनचर्या बदलत नाही, पण बेटावर दिवसा उघड्यावर खाऊ-पिऊ नये.

१७. बोट सुरक्षित आहे की नाही, हे कसे ओळखावे?

छायाचित्रांतले जकूझी पाहून काही कळत नाही. पर्यटन मंत्रालयाचा परवाना, प्रत्येक केबिनमध्ये धूरसूचक, लाइफ जॅकेट आणि बाहेर पडण्याच्या दोन वाटा, हे विचारावे. लाकडी बोटीवरचा सर्वांत मोठा धोका बुडण्याचा नसून आगीचा असतो. म्हणून रात्रभर जागा राहणारा पहारेकरी आहे का आणि बॅटऱ्या चार्ज करण्याची जागा उघड्या डेकवर, माणसांच्या नजरेसमोर आहे का, हे दोन प्रश्न आवर्जून विचारावेत. केबिनमध्ये कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावून डाइव्हला जाऊ नये. चढल्यावर एकदा आपल्या केबिनपासून डेकपर्यंत दिवे बंद असल्यासारखे चाचपडत चालून पाहावे. डायव्हिंगच्या अपघातासाठी दाबकक्ष उत्तर माले अॅटॉलमधील बांडोस येथे आहे. आपल्या मार्गावरून तेथपर्यंत किती तास लागतील, हे मार्गदर्शकाला ठाऊक असायला हवे.

१८. किनाऱ्यावर पडलेले शंख, प्रवाळाचे तुकडे आणता येतात का?

नाही. प्रवाळ, वाळू आणि कासवाच्या पाठीच्या वस्तू देशाबाहेर नेण्यास मनाई आहे आणि जाताना बॅगा पुन्हा स्कॅन होतात. तेथून सुटलात तरी भारतात प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे मुंबईच्या कस्टममध्ये दुसरा प्रसंग उभा राहतो. मोकळा शंखही तेथेच ठेवलेला बरा.

१९. सहल संपते त्याच दिवशीचे विमान घेता येईल का?

उतरण्याच्या दिवशीचे घेता येते, शेवटच्या डाइव्हच्या दिवशीचे नाही. अनेक दिवस सलग डायव्हिंग केल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावेत, असे सर्वमान्य मार्गदर्शन आहे आणि बहुतेक बोटी २४ तास धरतात. म्हणून शेवटचा डाइव्ह आदल्या दिवशी सकाळी होतो आणि बोट हुल्हुमालेकडे परतते. त्या दुपारी मालेची फेरी असते. मासळीबाजार आणि प्रवाळाच्या दगडात कोरलेली, १६५८ मध्ये पूर्ण झालेली हुकुरू मिस्की ही मशीद दोन तासांत पायी पाहून होते. ‘हवामानामुळे राहिलेला डाइव्ह शेवटच्या सकाळी करू’ असा आग्रह काही जण धरतात. विमान दुसऱ्या दिवशीचे असेल तरच तो धरावा.

२०. बोट दक्षिणेला संपते आणि तेथून देशांतर्गत विमानाने मालेला यायचे आहे. किंवा बोटीनंतर सीप्लेनने रिसॉर्टवर जायचे आहे. प्रश्न १९ मधला नियम तेव्हाही लागतो का?

दोन्ही बाबतींत लागतो. दक्षिणेच्या सहली गान किंवा कूड्डूसारख्या विमानतळांवर सुरू होतात वा संपतात. तेथून मालेचे विमान तासाभराचे असले तरी ते विमानच आहे. सीप्लेन कमी उंचीवरून उडते हे खरे, पण त्या कंपन्याही डायव्हिंगनंतर २४ तासांची अट घालतात. शिवाय सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडते, त्यामुळे बोटीवरून सकाळी उतरणाऱ्यांना ते सोयीचे पडते आणि मुंबईहून संध्याकाळी येणाऱ्यांना अजिबात नाही. देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादाही आंतरराष्ट्रीय तिकिटापेक्षा कमी असते, म्हणून उपकरणांचे जादा वजन आधीच नोंदवावे. बोट आणि रिसॉर्ट दोन्ही करायचे असतील तर बोट आधी ठेवावी, आणि रिसॉर्ट माले अॅटॉलमधले, स्पीडबोटीने पोहोचता येईल असे निवडावे. मग ही अट फक्त परतीच्या विमानापुरती उरते आणि ती रिसॉर्टवरच्या मुक्कामात आपोआप पूर्ण होते, मात्र रिसॉर्टवर शेवटच्या दिवशी पुन्हा टाकी लावू नये.